गुंठ्याएवढा ठिपका : शंकू साखळीपासून उपग्रहापर्यंत

१/
ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्याचे १९७३ सालचे एक उपग्रहचित्र आहे. त्यात नवी मुंबई नाही. खाडीकाठी खारफुटीची गडद लाल किनार, मिठागरांचे फिकट चौकोन, आतल्या बाजूला डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्या पायथ्याशी करड्या-तपकिरी रंगाचा एक सपाट पट्टा, एवढेच दिसते. या पट्ट्यातील एका ठिपक्यावरून पन्नास वर्षांनी एका आजोबांनी आपल्या नातीला एक प्रश्न विचारला. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
नात इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. घर उरण तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात. नवी मुंबई उभी राहण्यापूर्वी या भागात जमिनीचा वापर कसा होता, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. तिने जुने उपग्रहचित्र संगणकावर उतरवून घेतले, त्याचे वर्गीकरण केले आणि पाच रंगांचा नकाशा तयार केला : पाणी, खारफुटी, झाडी, बांधकाम आणि पडीक. मग कौतुकाने तो ओटीवर बसलेल्या आजोबांना दाखवला.

३/
खाडीचे वळण आणि देवळामागची टेकडी या दोन खुणांवरून आजोबांनी आपले शेत शोधून काढले. ते पिवळ्या रंगात होते. सूचीत पिवळ्यापुढे ‘पडीक’ असा शब्द होता. आजोबांनी तो वाचला आणि शांतपणे विचारले, “ह्या कोनी लिवला गो बाय?” नातीला पटकन उत्तर देता आले नाही. तिने लिहिला? संगणकाने? की ९०० किलोमीटर उंचीवरून चित्र घेणाऱ्या यंत्राने? उत्तर शोधायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

४/
जमीन कोणाची, किती आणि कशी, हे लिहून ठेवण्याची गरज प्रत्येक राजवटीला भासली, कारण महसूल तेथूनच येतो. पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्यात कंपनी सरकारचा अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस दख्खनमध्ये पाहणी सुरू केली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, असे त्यामागचे तत्त्व होते. कागदावर ते चोख दिसे. प्रत्यक्षात मोजणी सदोष निघाली, आकारणी जड झाली आणि रयत गाव सोडून जाऊ लागली.

५/
ही घडी पुन्हा बसवण्याचे काम मुलकी सेवेतील गोल्डस्मिड आणि इंजिनिअर दलातील लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे आले. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून त्यांनी सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचा किचकट हिशेब त्यांनी बाजूला ठेवला. शेताला क्रमांक द्यायचा, सीमेवर दगड रोवायचे, मातीची प्रत ठरवायची आणि त्यानुसार तीस वर्षांसाठी आकार बसवायचा, अशी ही पद्धत. १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’ने तिचे नियम पक्के केले. पुढे सबंध इलाख्यात तीच चालली.

६/
या मोजणीचे मुख्य हत्यार म्हणजे शंकू साखळी. तिची लांबी ३३ फूट आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर. महाराष्ट्रातल्या घराघरांत आजही ज्या गुंठ्यावरून भाऊबंदकी होते, तो या लोखंडी साखळीच्या मापाचा चौरस आहे. वाचकांनी हे माप लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

७/
साखळीने जमिनीचे क्षेत्र दिले, पण त्या जमिनीवर काय पिकते, हे दरवर्षी बदलणारे. त्यासाठी गावकामगार शिवारात फिरून पीक पाहणी करी आणि नोंद ठेवी. आज ज्याला आपण सातबारा म्हणतो, त्यातला ‘सात’ हा हक्काचा नमुना आणि ‘बारा’ हा पिकांचा. जमिनीच्या बदलत्या वापराची ही वर्षावर्षाची नोंदवही उपग्रहाच्या कितीतरी आधी गावोगावच्या दप्तरांत भरत होती. तिच्यात चुका होत्या, कधी घरी बसून भरलेले रकानेही होते. पण ती पावसाळ्यातही लिहिली जात होती.

८/
पनवेल आणि उरण हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये गोड्या जमिनीवरचा भात आणि खाऱ्या जमिनीवरचा भात असे दोन प्रकार नोंदलेले आहेत. खाडीचे पाणी मातीच्या बांधाने थोपवायचे, बांधात उघाडी ठेवायची, म्हणजे भरतीचे पाणी आत येत नाही आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाते. पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुऊन निघते आणि त्यानंतर भात होतो. वर्षातून एकदाच.

९/
हा बांध जिवंत ठेवणे हे सामुदायिक काम. एका ठिकाणी खांड पडले की साऱ्या शिवारात खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे तेथे भात धरत नाही. म्हणून उधाणाच्या रात्री घरटी एक माणूस बांधावर जाई. आगरी समाजाच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राशी असे भांडून ही शेते मिळवली होती. कापणी झाली की डिसेंबरपासून मेपर्यंत तीच जमीन उघडी, भेगाळलेली आणि तपकिरी असे. तपकिरी म्हणजे पडीक नव्हे, हे गावात वेगळे सांगावे लागत नसे.

१०/
आता आकाशाकडे. १९६६ साली अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी पृथ्वीच्या साधनसंपत्तीची अवकाशातून पाहणी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यामागे भूगर्भ सर्वेक्षणाचे संचालक विल्यम पेकोरा यांचा आग्रह होता. हेरगिरीचे उपग्रह तोवर आकाशात होतेच, पण त्यांची चित्रे गुप्त असत. शेती, जंगल, पाणी आणि शहरे यांसाठी सर्वांना पाहता येईल असा उपग्रह हवा, ही कल्पना नवी होती. त्याचे उड्डाण पाहणे पेकोरांच्या नशिबी नव्हते. १९ जुलै १९७२ रोजी ते वारले, आणि चारच दिवसांनी उपग्रह झेपावला.

११/
२३ जुलै १९७२ रोजी सुटलेला हा उपग्रह पुढे ‘लँडसॅट-१’ या नावाने ओळखला गेला. त्यावर दोन उपकरणे होती. मुख्य मान दूरचित्रवाणीच्या तंत्रावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना होता. दुसरे उपकरण प्रयोग म्हणून बसवलेले, ह्यूज कंपनीतील अभियंता व्हर्जिनिया नॉरवूड यांनी रचलेले बहुवर्णी स्कॅनर. त्यात एक आरसा सेकंदाला सुमारे १३ वेळा इकडून तिकडे डोले आणि खालची जमीन ओळीओळीने टिपे. हलणारा आरसा अवकाशात टिकणार नाही, अशी अनेकांना शंका होती.

१२/
घडले उलटेच. मानाचे कॅमेरे काही आठवड्यांतच विजेच्या बिघाडामुळे बंद करावे लागले आणि डोलणारा आरसा वर्षानुवर्षे चालत राहिला. आज पृथ्वीच्या पृष्ठभागाची जी पन्नास वर्षांहून अधिक काळाची सलग चित्रमाला उपलब्ध आहे, तिचा आरंभ या आरशापासून होतो. नॉरवूड यांना ‘लँडसॅटची आई’ म्हणतात, ते यामुळेच.

१३/
हा स्कॅनर चार पट्ट्यांत पाही : हिरवा, तांबडा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे दोन. निळा पट्टा त्यात नव्हताच. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि जवळच्या अवरक्त किरणांना मात्र जोरात परत पाठवतात. पाणी ते किरण गिळून टाकते. म्हणून अवरक्त पट्ट्याला लाल रंग देण्याचा प्रघात पडला. अशा चित्रात दाट झाडी लालभडक, पाणी काळे, शहर निळसर करडे आणि कोरडी माती फिकट दिसते. यालाच आभासी रंगाचे चित्र म्हणतात.

१४/
चित्र ठिपक्यांचे बनलेले असते, आणि प्रत्येक ठिपक्याला एकच आकडा मिळतो. लँडसॅट-१ चा ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटर लांब-रुंद होता. म्हणजे ६४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ६३ गुंठे. त्या ६३ गुंठ्यांत भात, बांध, विहीर, आंब्याचे झाड आणि दोन घरे असली, तरी उपग्रहाच्या लेखी त्या सर्वांची सरासरी तेवढी उरते. कोकणातले लहानसे गावठाण अशा चार-सहा ठिपक्यांत विरघळून जाई.

१५/
आजोबांची जमीन दीड एकर होती. ६० गुंठे. १९७३ च्या चित्रात त्यांच्या घराण्याचे सारे शेत जेमतेम एका ठिपक्याएवढे भरते. आणि तो ठिपकाही काही शेताच्या बांधाला बांध लावून बसत नाही. शेजाऱ्याच्या जमिनीचा एक कोपरा त्यात येतो, आपल्या जमिनीचा एक कोपरा बाहेर राहतो. नातीने जो शब्द लिहिला तो एवढ्या पुराव्यावर लिहिला होता.

१६/
भारतात या विद्येचा आरंभ नारळाच्या झाडांपासून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९७० साली केरळात नारळाला मूळकुजीसारख्या रोगाने ग्रासले होते. प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी आणि रोगट झाडे त्या चित्रांत वेगळी दिसली. भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणून पिशारोटींचे नाव घेतले जाते, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

१७/
१९७४ साली हैदराबादला राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था स्थापन झाली. पुढे लँडसॅटची चित्रे थेट भारतातच उतरवून घेण्याची सोय झाली. १७ मार्च १९८८ रोजी बायकानूर येथून भारताचा स्वतःचा ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा, तर दुसऱ्याचा त्याच्या निम्म्या लांबीचा. डिसेंबर १९९५ मधल्या ‘आयआरएस-१सी’चा कृष्णधवल ठिपका तर ५.८ मीटरवर आला. नागरी उपयोगाच्या उपग्रहांत त्या काळी इतके बारकावे कोणीच टिपत नव्हते.

१८/
इकडे खाडीकाठी काय चालले होते? १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईसाठी एक प्रस्ताव मांडला. उत्तरेकडे लांबत चाललेल्या शहराला खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर हाच उतारा, असे त्यांचे म्हणणे होते. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरवण्यात आली.

१९/
एकपिकी भातजमीन आणि मिठागरे यांना दर काय द्यायचा, हा कळीचा मुद्दा ठरला. जमीन वर्षातले आठ महिने मोकळी दिसते, पीक एकच निघते, मग तिची किंमत ती काय, असा हिशेब एका बाजूला होता. बांध, उघाडी, जिताड्याची मासेमारी, मिठाची मजुरी आणि वर्षभराचा तांदूळ असा संसार दुसऱ्या बाजूला. ‘पडीक’ हा शब्द अशा वेळी केवळ वर्णन राहत नाही. त्याला दर चिकटतो.

२०/
१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. या लढ्याच्या पोटी पुढे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व आले : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत. संपूर्ण महाराष्ट्रात भूसंपादनाच्या चर्चेत आजही या तत्त्वाचा दाखला दिला जातो.

२१/
योगायोग असा, की जासईनंतर साधारण सहा आठवड्यांनी, १ मार्च १९८४ रोजी, लँडसॅट-५ सुटला. त्याचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे सुमारे ९ गुंठ्यांचा. तीन वर्षे टिकावा म्हणून बांधलेला हा उपग्रह २०१३ पर्यंत जवळजवळ २९ वर्षे चालला. नवी मुंबईचे सारे बाळपण आणि तारुण्य त्याच्या डोळ्यांखाली गेले. मात्र गोळीबार झालेला रस्ता त्याने पाहिला असता, तरी त्याला तो करड्या रेषेइतकाच दिसला असता.

२२/
लँडसॅट-५ ची चित्रे ओळीने लावली की बदल पानागणिक उलगडतो. आधी वाशी आणि बेलापूरचे चौकोन. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर तिथल्या किनाऱ्याची सरळ झालेली रेघ. १९९२ साली खाडी ओलांडून वाशीला रेल्वे आल्यानंतर स्थानकांभोवती दाटत गेलेली वस्ती. मग खारघर, कामोठे, आणि दक्षिणेकडे उलवे. पुढच्या उपग्रहांच्या चित्रांत उलव्याची टेकडी झिजत झिजत नाहीशी होते आणि तेथे धावपट्टी उमटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

२३/
या चित्रमालेत आजोबांचे साठ गुंठे प्रथम फिकट होतात, मग भरावाच्या पांढुरक्या रंगात जातात आणि अखेर रस्त्याच्या करड्या पट्ट्यात मिसळतात. साठ गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे साडेसात गुंठे. ज्या शेताने १९७३ चा एक अख्खा ठिपका व्यापला होता, त्याच्या बदल्यातली जमीन लँडसॅट-५ च्या एका नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यातही थोडी जागा सोडून मावते. नातीने हा हिशेब वहीत मांडला, पण आजोबांना वाचून दाखवला नाही.

२४/
ही चित्रे एका विद्यार्थिनीच्या हाती येऊ शकली, याचेही एक कारण आहे. १९८० च्या दशकात लँडसॅटचा कारभार खासगी व्यवस्थेकडे गेला आणि एका चित्राची किंमत चार हजार डॉलरपर्यंत चढली. नंतर ती ६०० डॉलरवर उतरली, तरी गावातल्या पोरीच्या आवाक्यात नव्हतीच. २००८ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने सारा संग्रह विनामूल्य खुला केला. तोवर सर्वांत चांगल्या वर्षी २५ हजारांच्या आसपास चित्रे विकली जात. खुले झाल्यावर मागणी लाखोंच्या घरात गेली.

२५/
आता मूळ प्रश्नाकडे. संगणकाने त्या ठिपक्याला पिवळा रंग का दिला? वर्गीकरणात संगणकाला नमुने दाखवावे लागतात : हे पाणी, ही झाडी, हे बांधकाम. मग तो प्रत्येक ठिपक्याचे आकडे या नमुन्यांशी ताडून पाहतो. हिरवे पान नाही, पाणी नाही, कोरडी उघडी माती आहे, एवढेच त्या ठिपक्याचे आकडे सांगत होते. कोरड्या मातीच्या नमुन्याला नातीने ‘पडीक’ हे नाव दिले होते. पाठ्यपुस्तकांत असते तसेच.

२६/
हा घोटाळा उलट्या दिशेनेही होतो. कोरडी माती आणि काँक्रीट यांची परावर्तने पुष्कळदा सारखी येतात. त्यामुळे उन्हाळ्यातले नांगरलेले रान कधी कधी ‘बांधकाम’ म्हणून मोजले जाते, आणि शहर अमुक पट वाढले हा आकडा फुगतो. म्हणून जाणकार अभ्यासक एकाच ऋतूतली चित्रे परस्परांशी ताडतात, आणि काही ठिपके जमिनीवर जाऊन तपासतात. कागदपत्राची सत्यता पारखल्याशिवाय इतिहासकार त्यावर भिस्त ठेवत नाही, तोच हा दंडक.

२७/
आजोबांनी चित्राची तारीख विचारली. जानेवारी. ते हसले. “तुजा फोटू उन्हाल्यान कारलेला हाय. भात पावसाल्यान आसतो.” अर्ध्या शतकाच्या संग्रहातली एक मोठी उणीव त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. डोळ्यांसारखे पाहणारे उपग्रह ढगांतून पाहू शकत नाहीत. कोकणात जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले. म्हणजे जे चार महिने या जमिनीचे खरे आयुष्य, नेमके तेच संग्रहातून गळलेले. स्वच्छ चित्रे मिळतात ती कापणीनंतरची.

२८/
याचा अर्थ कोणी मुद्दाम खोटे लिहिले, असा नाही. उपग्रहाने जे पाहिले ते बरोबरच पाहिले. पण त्याची पाहण्याची वेळ आणि शेताची पिकण्याची वेळ वेगळी होती. प्रिंगलच्या पाहणीत तत्त्व चोख होते आणि मोजणी फसली. येथे मोजणी चोख होती आणि शब्द फसला. दोन्ही वेळा लिहिणाऱ्याला शिवार ठाऊक नव्हते. फरक इतकाच, की या वेळी लिहिणारी त्याच शिवारातली होती.

२९/
ढगांवर उपाय आहे : रडार. रडारवाहू उपग्रह स्वतःच सूक्ष्मतरंग सोडतात आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपतात. त्यांना ढगही अडवत नाहीत, रात्रही नाही. लावणीच्या वेळी पाण्याने भरलेले खाचर रडारला आरशासारखे लागते आणि काळे दिसते. रोप वाढू लागले की तेच उजळत जाते. २०१२ साली भारताने ‘रिसॅट-१’ सोडला, २०१४ पासून युरोपचा ‘सेंटिनेल-१’ अशी चित्रे विनामूल्य देतो. पण १९७३ चा पावसाळा रडारला आता दिसायचा नाही.

३०/
आणखी एक दालन हेरगिरीच्या उपग्रहांचे. अमेरिकेच्या ‘कोरोना’ मालिकेने १९६० ते १९७२ या काळात घेतलेली आठ लाखांहून अधिक चित्रे १९९५ च्या आदेशाने खुली झाली. उपग्रह फिल्मची डबी खाली सोडी आणि विमान ती हवेतच झेली. नंतरच्या काळातल्या कोरोना चित्रांत दोनेक मीटरचे तपशील ओळखू येतात, म्हणजे शेताचे बांध दिसू शकतात. जे रशियन क्षेपणास्त्रांच्या शोधात काढले, ते आज गाडल्या गेलेल्या शेतांच्या आणि प्राचीन वस्त्यांच्या अभ्यासाला उपयोगी पडते.

३१/
नातीने मात्र जवळचा रस्ता धरला. तिने तालुक्याच्या कचेरीतून जुन्या सातबाऱ्याची नक्कल मिळवली. गाव नमुना बारामध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभीची वर्षे ओळीने होती, आणि प्रत्येक वर्षापुढे पिकाच्या रकान्यात वळणदार अक्षरांत एकच शब्द : भात. क्षेत्र एक एकर वीस गुंठे. पावसाळ्यात चिखल तुडवत शिवारात गेलेल्या कोणा तलाठ्याने तो लिहिला होता. आकाशातल्या यंत्राला जे चार महिने दिसले नव्हते, ते या कागदाने जपून ठेवले होते.

३२/
आता तिच्या नकाशावर पिवळ्या रंगापुढे वेगळे शब्द आहेत : ‘एकपिकी भातजमीन, चित्र कापणीनंतरचे’. खाली एक टीप आहे, की हे वर्गीकरण उपग्रहचित्र आणि गाव नमुना बारा यांच्या मेळातून केले आहे. पाचांऐवजी सहा वर्ग झाले, कारण सारीच पिवळी जमीन भाताची नव्हती. डोंगरउतारावर खरोखरीच पडीक असलेल्या जागा तिने पडीकच ठेवल्या. आजोबांच्या मायेपोटी तेवढे बदलले असते, तर तो इतिहास झाला नसता.

३३/
शेवटी साखळीची गोष्ट. २०१५ साली युरोपने ‘सेंटिनेल-२’ मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याचा ठिपका १० मीटर लांब-रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. शंकू साखळी ३३ फुटांची, म्हणजे १०.०६ मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरांचा. विंगेटच्या माणसांनी इंदापूरच्या रानात ओढलेल्या साखळीचे माप आणि आज पाच-पाच दिवसांनी डोक्यावरून जाणाऱ्या यंत्राचे माप अशा रीतीने जुळले आहे. ठरवून नव्हे, निव्वळ योगायोगाने.

३४/
नातीने आजोबांना अलीकडचे चित्र मोठे करून दाखवले आणि सांगितले, की यातला एक ठिपका म्हणजे एक गुंठा. मग त्यांना चित्र वाचता येऊ लागले. कोणाचे शेत कोठे संपे, उघाडी कोठे होती, कोणत्या उधाणात बांध कोठे फुटला, हे ते रस्त्यांच्या आणि इमारतींच्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगू लागले. नातीने वही उघडली आणि तारखा विचारून लिहून घेऊ लागली. संध्याकाळपर्यंत साठांतले अठ्ठावीस ठिपके झाले. बाकीचे दुसऱ्या दिवशी.

लेखनसीमा.